एसीच्या वाऱ्यातला कौल

उन्हाळ्यात एसी पहिल्यांदा लावला की धुळीचा एक कोंदट वास सुटतो, आणि मला आखातातल्या, बनेद अल-गार भागातल्या आमच्या याच हॉलमध्ये लावलेला कौल आठवतो. मी इथे रुग्णालयात नर्स. साठीपुढच्या माणसांवर नव्या लशीची चाचणी होणार होती, आणि इथल्याच अम्गरा भागातल्या वर्कशॉपमध्ये जन्मभर सुतारकाम केलेल्या माझ्या बाबांनी आपणहून माझ्याकडे फॉर्म मागितला. आई उखडली, "तुमी काय उंदीर आसात?" बाबा शांतपणे म्हणाले, "आमच्या वयाच्यांवर बघल्याशिवाय आमच्या वयाच्यांक ती देतले कशी?" वाद मिटेना, तेव्हा गावच्या रीतीने देवालाच विचारायचं ठरलं. देवाच्या फोटोवर दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. उजवी लगेच पडली. आईने वर पाहिलं, तर एसीची पाती बाबांनी आधीच नेमकी उजव्या पाकळीवर वळवून ठेवलेली! तिने एसी बंद केला, पाकळ्या पुन्हा लावल्या. आम्ही तिघं घामाने निथळत बसलो, आणि या वेळी डावी पडली. बाबांनी फॉर्मची घडी करून ती चष्म्याच्या डबीखाली सरकवली. आई त्यांच्याकडे बघत राहिली, मग उठली, तिसऱ्यांदा पाकळ्या चिकटवल्या, स्वतःच्या हाताने एसी लावला आणि मला म्हणाली, "माजांय नाव घाल." आता दोघंही गावी असतात. एसीची पाती मात्र अजून उजवीकडेच वळलेली आहेत. मी त्यांना हात लावत नाही.