बशीतली साखर

गेल्या महिन्यात मरियमचा आवाजी निरोप आला. आधी नुसता श्वास, मग ‘आंटी, अम्मा चली गई…’ मी पुण्यातल्या स्वयंपाकघरात कणीक भिजवत होते, ती तशीच राहिली. उम्म मरियम, म्हणजे मरियमची आई, मस्कतमधली आमची शेजारीण. नात्याची ना गोत्याची, पण तिथलं माझं माहेरच संपलं असं वाटलं.

अल हैलला आमच्या इमारतीमागे तिचं बसकं घर होतं. ओमानी माणूस म्हणजे अर्बाब, बडा मालक, दारात भली मोठी गाडी, असं आम्ही पुण्याहूनच डोक्यात घेऊन गेलो होतो. हिच्या दारात गाडी नव्हती. नवरा लवकर वारलेला. विधवांना सरकार देतं त्या मदतीवर मायलेकींचं चालायचं आणि रमझानात मशिदीतून तांदूळ, डाळ, तेल यायचं. हे तिने मला पहिल्याच भेटीत सांगितलं, हवापाण्याबद्दल बोलावं इतक्या सहज. अवघडले मीच. तिचं हिंदी बलुची वळणाचं, माझं पुणेरी, तरी आमचं मस्त जमलं. तिच्याकडून खजूर, हलवा यायचा आणि बशी परत जाताना तिच्यात आमचा शिरा नाहीतर लाडू.

मग तेलाचे भाव कोसळले आणि माझ्या नवऱ्याच्या, मिलिंदच्या कंपनीने पगार थांबवले. ‘पुढच्या महिन्यात, इन्शाल्ला’ ऐकता ऐकता घरातले डबे तळाला गेले. शाळेचं वर्ष अर्धवट सोडून ईशाला, आमच्या लेकीला, घेऊन मी पुण्याला परतायचं असं घाटत होतं. तिथल्या मराठी मंडळात शब्द टाकला असता तर मदत झाली असती. पण ज्यांच्यासमोर गणपतीत नटून मिरवलं, त्यांच्यापुढे हात पसरायचा? मेले असते, पण बोलले नसते!

बशी मात्र रिकामी परत करायची नाही, हे आईने हाडीमाशी भिनवलेलं. म्हणून मी चमचाभर साखर घालून पाठवली. पुढच्या वेळीही साखरच. त्यानंतर उम्म मरियम स्वतःच आली. रमझानातली दुपार, तोंडात पाण्याचा थेंब नाही, आणि मशिदीतून आलेली तांदळाची पिशवी खांद्यावर, डाळ-तेल काखेत.

‘मेरा घुटना खलास,’ ती म्हणाली. ‘खड़ा होके पकाना नहीं होता. तुम पकाओ, मगरिब में सब मिलके खाएगा.’

ती गेल्यावर मिलिंद म्हणाला, ‘गुडघे गेले म्हणे! एवढं ओझं घेऊन दोन जिने चढून आली बाई.’ मग त्याने पिशवी उचलून स्वयंपाकघरात नेली.

रमझानभर तिचा शिधा आमच्याकडे शिजला. सूर्यास्ताला मगरिबची बांग झाली की मायलेकी खजुराने रोजा सोडायच्या, मग आम्ही पाचजण जमिनीवर बसून वरणभात जेवायचो. माझ्या वरणात ती वाळलेलं काळं लिंबू टाकायची आणि वर माझ्याच हाताला चव नाही म्हणायची. ईशाची शाळा सुटली नाही. मी त्या बाईची जन्मभर आभारी आहे, आणि हे तिला तोंडावर सांगितलं असतं तर तिने मला वेड्यात काढलं असतं.

‘तुला कळलं कसं?’ मी एकदा विचारलं.

‘शक्कर आया ना. मरियम का बाबा मरा, तब मैं भी थाली में चार खजूर रखके भेजती थी.’ मग पाठीत एक चापट. ‘लेने में शरम क्या? मैं लेती, तुम लेती. यल्ला, चाय बनाओ.’

ईदनंतर मिलिंदला दुसरीकडे काम मिळालं. मी तांदळाचं पोतं घेऊन तिच्या दारात गेले. नको नाही, कशाला नाही, काही नाही. तिने हसत बाजूला होऊन ते कुठे ठेवायचं ते दाखवलं.

निरोप आला त्या संध्याकाळी माझ्याच्याने काही रांधवलं नाही. समोरच्या उज्ज्वलाताईंना कुठून कळलं कोण जाणे, आमटीभाताचा डबा घेऊन त्या दारात उभ्या. ‘अहो, कशाला त्रास घेतलात, आमचं झालंय जेवण,’ हे ठेवणीतलं वाक्य ओठांवर आलं होतं. ते गिळलं. डबा घेतला, त्यांचाही हात धरला.

‘भूक लागलीय हो,’ मी म्हटलं. ‘आत या, मिळून जेवू.’