साक्ष द्यायची हौस

देवानं माझ्या नवऱ्याला मन मोठं दिलं आणि घर वन बीएचके. पुनावळ्यातल्या त्या घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि दोन मुली राहतो. आम्ही पिढीजात ख्रिस्ती. शेजाऱ्यावर प्रीती करावी हे रविवारी ऐकायचं आणि बायबल बंद करताना त्यातच ठेवून यायचं, हा आमच्या मंडळीचा सर्वसाधारण रिवाज. माझा नवरा मात्र ते डब्यासोबत कंपनीत घेऊन जातो.

तो महाळुंग्याला गाड्यांचे पत्रे दाबायच्या प्रेस शॉपमध्ये पर्मनंट आहे. गेल्या वर्षी दिवाळीनंतर तिथल्याच एका कंत्राटी कामगाराची डाव्या हाताची बोटं प्रेसखाली गेली. नांदेडकडचा माणूस, तिशीचा असेल. दवाखान्यानं बँडेज बांधून घरी आराम करायला सांगितलं. घर कुठलं? महाळुंग्याच्या खोल्यांमध्ये एका गादीवर दोन माणसं असतात, एक दिवसपाळीचा आणि एक रातपाळीचा. एक उठला की दुसरा पडतो. गादी कधी रिकामी नसते. ज्याला शिफ्टच नाही त्याला दिवसा पडायला जागाही नाही. हा बापडा बँडेजचा हात वर धरून दिवसभर जिन्यात बसलेला माझ्या नवऱ्याला दिसला, आणि तो त्याला पिशवीसकट घरी घेऊन आला.

"वहिनी, थोडेच दिवस," तो माणूस दारातूनच म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण दारात उभ्या असलेल्या माणसावर ती काढता येत नाही, म्हणून मी आत जाऊन चहा टाकला.

हॉलमधला दिवाण त्याचा झाला. सकाळी तो खंडोबाचं नाव घ्यायचा, आम्ही आमची प्रार्थना करायचो. त्यानं आम्हाला काही विचारलं नाही, आम्ही त्याला काही शिकवलं नाही. नवरा कामावर, म्हणून ड्रेसिंगला मीच त्याला न्यायचे. डॉक्टरांनी बजावलं होतं, ड्रेसिंग चुकलं तर हात हाती लागणार नाही. पट्टी सुटली की तो भिंतीकडे तोंड करायचा आणि विचारायचा, "कसं दिसतंय वहिनी?" मी सांगायचे, बरं दिसतंय. माझी चिडचिड संपली नव्हती, पण त्याचे कपडे मी पिळून द्यायला लागले होते, आणि हा हात वाचावा असं मला मनापासून वाटत होतं.

आमच्या चर्चमध्ये प्रवचनाआधी पाळक विचारतात, कुणाला साक्ष द्यायची आहे का? मग देवानं आपल्यासाठी काय केलं ते लोक उभं राहून सांगतात. कुणाची शुगर उतरलेली असते, कुणाला फ्लॅटचं पझेशन मिळालेलं असतं. माझा नवरा आयुष्यात कधी उभा राहिला नव्हता. तो उभा राहिला. त्यानं गादीचं सगळं सांगितलं आणि म्हणाला, "अशी माणसं तिथं खूप आहेत. आपण प्रत्येकानं एकाला घरी नेलं तर?"

टाळ्या पडल्या. माणूस न्यायला एकही हात वर झाला नाही. पाळकांनी तेवढं सांगितलं, की पुढच्या रविवारी त्याला घेऊन या, आपण प्रार्थना करू.

तो आला. माझ्या नवऱ्याला तो भाऊ म्हणायचा; भाऊंच्या देवाला नाही कसं म्हणायचं, म्हणून केस विंचरून आला. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली, कुणीतरी फोटो काढला, आणि दुपारी मंडळीच्या ग्रुपवर तो फोटो पडला. खाली लिहिलेलं, एक आत्मा प्रभूकडे आला. मी टाकणाऱ्याला फोन करून काढायला सांगितलं. "बहीण, देवाच्या गौरवासाठीच आहे," तो म्हणाला. असल्या गौरवाची मला तेव्हाही चीड आली आणि आजही येते.

एकानं तोच फोटो स्टेटसला ठेवला. चाकणला काम करणाऱ्या, आमच्या पाहुण्याच्या गावच्या माणसानं तो पाहिला आणि गावभर झाला. आठवडा उलटायच्या आत पाहुण्याचा थोरला भाऊ दारात उभा.

"गावात सांगायलेत, तू बाटलास म्हणून."

"दादा, मी निस्तं जेवलो इथं."

माझ्या नवऱ्यानं हात जोडले. म्हणाला, जखम भरेपर्यंत राहू द्या, मला काय शिव्या द्यायच्या त्या द्या. भावानं शिव्या दिल्या नाहीत. पिशवी उचलली आणि विचारलं, "तुमी भले असाल. पण भलेपणाचा फोटो कशाला काढला?"

धाकटा जाताना माझ्या सासूबाईंच्या पाया पडला.

गावाकडे ड्रेसिंग झालं नाही. हातात पू झाला. जिल्ह्याच्या दवाखान्यात मनगटापासून हात काढला, हे नवऱ्याला शॉपमध्येच कळलं. घरी येऊन तो त्या दिवाणावर बसला आणि त्यानं कपडेही बदलले नाहीत. ग्रुपवर कळवलं तर जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली.

त्या रविवारी पाळकांनी साक्षीसाठी विचारलं. नवरा मान खाली घालून बसला होता. मी उभी राहिले.

"ज्याचा फोटो तुम्ही पाठवलात, त्याचा हात कापला. आमच्या हॉलमध्ये राहिला असता तर वाचला असता."

एवढंच बोलून मी थांबले. मागच्या बाकावरून कुणीतरी सवयीनं, चांगलं मोठ्यानं म्हणालं, "हालेलुया!"