इंग्रजीत दृष्ट लागत नाही

आमच्या आईनं आम्हा दोघी बहिणींना दिसण्याच्या बाबतीत कधी चांगलं म्हटलं नाही. आक्का न्हाऊन, केस मोकळे सोडून बाहेर आली की आई म्हणायची, काय ते ध्यान. मी दिवाळीचा नवा फ्रॉक घालून तिच्यासमोर उभी राहिले की म्हणायची, बुजगावणं दिसतंय. ऐकणाऱ्याला वाटावं, बाई सावत्र आहे. सावत्र नव्हती, घाबरलेली होती.

आमच्या आधी तिला एक मुलगी झाली होती. आम्ही दोघींनी तिला पाहिलेलं नाही, पण ती कशी होती हे गल्लीतल्या बायकांकडून ऐकून ऐकून पाठ झालं होतं. घाऱ्या डोळ्यांची, गालाला खळी पडणारी. कुंडल गावाजवळच्या एका पाहुण्यांकडं बारशाला आई तिला घेऊन गेली आणि तिथं बायकांनी ती हातोहात फिरवली. जी ती म्हणाली, किती देखणी पोर गं तुझी. आईनंही हसून मान डोलावली. घरी आल्यावर पोरीला ताप भरला आणि ती गेली. डॉक्टरांनी काहीतरी कारण सांगितलं असेल, पण आईला तिचं कारण सापडलं होतं. आमच्याकडं मूल जगत नसलं की पुढच्याचं नाव दगड नाहीतर धोंडा ठेवायची जुनी रीत आहे, म्हणजे नजर लावायची कुणाला इच्छाच होऊ नये. आईनं आमची नावं चांगली ठेवली. वाईटसाईट बोलण्याचं काम मात्र तिनं तोंडानं इमानेइतबारे केलं.

त्यात आक्का खरोखरच देखणी होती, हा तिचा गुन्हा. सावळी, उंच, लांब मानेची. ती विहिरीवरून कळशी घेऊन यायला लागली की पारावरची माणसं बोलायची थांबायची. आई तिच्या कपाळाच्या कडेला काजळाचा एवढा मोठा ठिपका लावायची की तो डाग वाटावा. तिच्या वयाच्या मुली गजरे माळायच्या आणि आक्का तो डाग घेऊन शाळेत जायची. तिला मनापासून वाटायचं की आपण कुरूप आहोत. आरशासमोर ती भांग पाडण्यापुरतीच उभी राहायची.

मी सातवीत असताना आमच्या इंग्रजीच्या बाईंनी माणसाचं वर्णन करायला शिकवलं. टॉल, शॉर्ट, फेअर, डार्क, कर्ली हेअर. पुरुष असेल तर हँडसम आणि बाई असेल तर ब्युटिफुल. मी घरी आले तेव्हा आक्का दारात तांदूळ निवडत बसली होती. मी दप्तरही न ठेवता तिला म्हणाले, "आक्का, यू आर ब्युटिफुल."

आत भाकरी थापणाऱ्या आईचा हात थांबला. काय म्हणालीस, असं तिनं विचारलं, आणि तिचा आवाज ऐकून मी घाबरले. वडील तेव्हा फौजेतून सुट्टीवर आले होते. ते खाटेवर पडल्या पडल्या हसले आणि म्हणाले, "इंग्रजीत बोलली ती. आपल्याकडच्या नजरंला इंग्रजी कुठनं येतंय?"

आईनं या गोष्टीचा गंभीरपणे विचार केला. मग पुन्हा भाकरी थापायला लागली. वडिलांची थट्टा होती, पण आमच्या घरात त्या दिवसापासून तो कायदा झाला. मराठीत कौतुक करायचं नाही. इंग्रजीत काय वाटेल ते बोला.

मग मी सुटलेच. जो शब्द मिळेल तो घरी आणायचा आणि आक्काला द्यायचा. प्रीटी, लव्हली, चार्मिंग. वडिलांकडं फौजेतला एकच शब्द होता, स्मार्ट. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, धुतलेला बैल, सगळं त्यांना स्मार्ट दिसायचं. आक्काच्या लग्नाची माहिती लिहायची वेळ आली तेव्हा मराठीत आईनं 'नाकीडोळी नीटस' यापलीकडं एक अक्षर लिहू दिलं नाही. इंग्रजी कागदावर मात्र मी ग्रेसफुल, अॅट्रॅक्टिव्ह असं ओळभर लिहिलं, आणि त्यावर तिनं खुशाल हळदीकुंकू वाहिलं. आक्का माधवनगरला दिली. दाजी यंत्रमागावर होते, मन लावून काम करणारा, कमी बोलणारा माणूस. देखणी वगैरे तेही कधी म्हणाले नसावेत. आमच्याकडं पुरुष बायकोला 'जेवलीस का' विचारतो, त्यातच सगळं आलं असं समजायचं.

मी सांगलीला ब्युटीपार्लरचा कोर्स केला आणि इस्लामपुरात दुकान टाकलं. तिथं तर या शब्दांची खाणच लागली. चेहरा ओव्हल, राउंड नाहीतर हार्ट शेप. त्वचा ऑयली, ड्राय नाहीतर कॉम्बिनेशन. सावळ्याला डस्की म्हणायचं, म्हणजे गिऱ्हाईक रागावत नाही. दुपारी दुकान रिकामं असलं की मी आक्काला फोन लावायचे आणि नवा शब्द सांगायचे. ती तिकडं मागांच्या खडखडाटात मोठ्यानं विचारायची, म्हणजे काय गं? एकदा मी तिला एलिगंट सांगितला. म्हणजे काय, तर साधं लुगडं नेसूनही जी भारी दिसते ती. ती फोन घेऊन मागांपासून लांब गेली आणि म्हणाली, हा माझा, हा दुसऱ्या कुणाला देऊ नकोस. तेव्हापासून ती फोन उचलला की म्हणायची, बोल, एलिगंट बोलतीया. मी आजवर कुठल्याही गिऱ्हाइकाला तो शब्द दिलेला नाही.

आक्काच्या छातीत गाठ लागली तेव्हा तिनं ती बरेच दिवस कुणाला सांगितली नाही. आपल्या बायका दुखणं चोरीचा माल असल्यासारखं लपवतात. मिरजेच्या दवाखान्यात उपचार सुरू झाले आणि तिचे केस गेले. मी पहिल्यांदा तिला तशी पाहिली तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना. तीच म्हणाली, आता तुझं इंग्रजी संपलं वाटतं. मी म्हणाले, ओव्हल. टक्कल शोभायला डोकं ओव्हलच लागतं, राउंडवाल्यांचं काम नव्हे ते. ती हसली. मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुऊन आले.

आई दर खेपेला तिची दृष्ट काढायची. पदराच्या टोकाला मीठ-मोहऱ्या बांधून आणायची, नर्सची पाठ वळली की आक्कावरून उतरवायची आणि पुन्हा गाठ मारून घरी नेऊन चुलीत टाकायची. नर्सनं एकदा पकडलं तेव्हा म्हणाली, आवं बाई, तुमच्या इंजेक्शनाला मी आडवी येते का? त्यानंतर ती नर्स आईला पाहिलं की आपणहून पाठ फिरवायची.

एका दुपारी आई खाली चहाला गेली होती. आक्का खिडकीकडं बघत म्हणाली, "तू एवढं शब्द दिलंस मला. पर आईनं एकदा म्हणावं गं. मराठीत. एकदाच."

तिला आता तिची स्वतःची पोर होती, कॉलेजला जायच्या वयाची. घर होतं, नवरा होता. एवढं सगळं असून तिला हवं होतं ते हे. मला पहिल्यांदा आईचा राग आला, अगदी भडकून आला. मी जिना उतरून गेले आणि चहाच्या गाड्यापाशी आईला सगळं सांगितलं. म्हणाले, तुझ्या त्या नजरेच्या भीतीनं ही पोर जन्मभर स्वतःला कुरूप समजत आलीय. आता तरी बोल. तुझं काय जातं?

आईनं कप खाली ठेवला. "माझं काय जातंय? एक गेली की बोलून," ती म्हणाली. "हिला बरी हून घरी येऊ दे. मग देवळाम्होरं उभी ऱ्हाऊन बोलीन."

माझा राग जागच्या जागी विरला आणि मला तिचा हात धरावासा वाटला. धरला नाही, आमच्यात ती पद्धत नाही. परतीच्या एसटीत खिडकीतून उसाकडं बघत तिनं विचारलं, तुमच्या त्या इंग्रजीत काय म्हणतात त्याला? मी तिला ब्युटिफुल शिकवला. तिच्या जिभेला तो काही केल्या वळेना. इस्लामपूर येईपर्यंत तिचे ओठ हलत होते. शेजारच्या बाईला वाटलं, म्हातारी जप करतेय.

पुढच्या खेपेला खाटेपाशी जाऊन ती उभी राहिली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि शाळेत कविता म्हणायला उठवलेल्या पोरीसारखी म्हणाली, "बुटीफूल."

आक्का आधी बघतच राहिली. मग इतकी हसली, इतकी हसली की सलाइनची नळी हलली आणि नर्स धावत आली. आईही हसायला लागली. आईला हसताना तोंडावर पदर घ्यायचं भान राहिलं नाही, असं मी तेव्हाच पाहिलं. त्या दिवशी आईनं तो शब्द जाता-येता म्हटला, चमच्यानं पेज भरवताना म्हटला, निघताना दारातून म्हटला. आम्ही तिघी एवढ्या सुखात कधी एकत्र बसलो नव्हतो, आणि बसलो ते दवाखान्यात.

मग उपचार लागू पडेनासे झाले. डॉक्टरांनी दाजींना आणि मला आत बोलावून सांगितलं. आईला सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं, आक्कालाही सांगितलं नाही. आता हसू येतं. ज्या बाईनं एक पोर मांडीवर जाताना पाहिलं, तिला कुणी सांगायला लागतं का?

एके सकाळी आई आली आणि खाटेच्या कडेला बसली. आक्काच्या डोक्यावर बारीक, मऊ केस परत उगवायला लागले होते. त्यावरून तिनं हात फिरवला. कपाळावरून फिरवला, लहानपणी जिथं काजळ लावायची तिथं अंगठा थोडा वेळ ठेवला. मग म्हणाली, "लय देखणी हायस गं पोरी तू. लहानपणापासनं. तुझ्यासारखी देखणी आख्ख्या गावात नव्हती."

मी पायथ्याशी उभी होते. मला वाटलं, झालं, मिळालं एकदाचं हिला. मी आक्काकडं बघितलं. ती आईकडं बघत नव्हती. ती आईच्या पदराकडं बघत होती.

आई डबा धुवायला बाहेर गेली तेव्हा आक्का म्हणाली, "आज पदराला मीठ न्हाई."

माझ्या तेव्हा लक्षात आलं. पदराला गाठ नव्हती. आणलीच नव्हती आईनं.

मी काहीतरी सारवासारव करायला लागले, विसरली असेल, घाईत निघाली असेल. आक्कानं माझा हात दाबला. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "पर बरं वाटलं गं ऐकून. लय बरं वाटलं." मग ती भिंतीकडं वळून रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले.

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. सवाष्ण गेली म्हणून तिला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, ओटी भरली. तोंडावरून शेवटचा हात मी फिरवला, ते माझं कामच आहे. माधवनगरच्या गल्लीतल्या बायका येत होत्या आणि रडता रडता म्हणत होत्या, किती देखणी दिसतीया, नवरीवाणी. आई कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. तिनं कुणालाही अडवलं नाही.

आक्काची पोर आता माझ्याकडं असते, इस्लामपुरात कॉलेजला. मानेचा बाक आक्काचा उचललाय तिनं. परवा गॅदरिंग होतं म्हणून तिनं पेटीतलं आक्काचं जांभळं लुगडं काढलं, माझ्याच दुकानात नेसली, आणि आरशाकडं पाठ करून माझ्यासमोर उभी राहिली.

"मावशी, कशी दिसते?"

मी हातातला ब्रश खाली ठेवला. मी शिकलेली बाई आहे, दृष्टबिष्ट मी मानत नाही, गिऱ्हाइकांनाही तसं सांगते.

"एलिगंट," मी म्हणाले.

ती वैतागली. तुम्ही सगळे इंग्रजीतच का बोलता, मराठीत सांग की एकदा, म्हणाली. तिची आई जशी म्हणाली होती, अगदी तशी.

"मराठीत न्हाई सांगणार," मी म्हणाले. "थांब, मीठ घेऊन येते."