ज्वाळा रंगवणारी इने

इने माझ्या शेजारच्या चटईवर बसायची. योकोहामात नुमातांच्या कारखान्यात आम्ही बायका बंदराच्या छापील पोस्टकार्डांवर हाताने रंग भरायचो. धक्का, कालव्यावरचे पूल, नाटकगृहांची इसेझाकी गल्ली. गल्लीची कार्डं मात्र इनेकडेच जायची. तिथली उभी निशाणं ती अशी रंगवायची की परदेशी खलाशी आधी तीच उचलायचे.

१९२३च्या मोठ्या भूकंपाच्या दिवशी तिचा नवरा यासुकिची लेकीला, मित्सूला, नव्या सपाता घ्यायला त्याच गल्लीत घेऊन गेला होता. जमीन हलली, मागोमाग आग आली. दोघांची हाडंसुद्धा सापडली नाहीत.

कारखानाही जळाला होता; पंधरवड्यात मालकांनी टेकडीवर पत्र्याची शेड उभारली.

"लोकांना आता पडकं शहर हवंय," ते म्हणाले. "फोटोत नुसता धूर दिसतो. आग तुम्ही लावा."

इनेच्या वाट्याला गल्लीच आली. तिने आकाश निळं केलं, जळक्या खांबांवर निशाणं काढली.

"अगं बाई, इथं जत्रा भरलीय का?"

"हात आपोआप गेला, मालक."

"मग हाताला सांग, गल्ली जळली म्हणून."

त्यांची म्हातारी आईही आगीत गेली होती. पण बोलणं तसंच. आम्ही माना खाली घातल्या.

इने ज्वाळा काढू लागली, आणि तिच्या ज्वाळा सगळ्यांत जास्त खपल्या. नवीन फोटो आला की आधी ती भिंग लावून रस्त्यावरची माणसं न्याहाळायची.

"इनेताई, नको ना बघूस," मी म्हणायचे.

"मित्सूचा किमोनो पिवळा होता गं. इथं सगळंच काळंपांढरं. कशी ओळखू तिला?"

मग भिंग ठेवून ती लाल रंगात कुंचला बुडवायची.

वर्षभरात लोकांना आगीचा कंटाळा आला. नव्या इमारतींची कार्डं रंगीतच छापून येऊ लागली. कारखाना बंद पडला, तेव्हा इने डोंगरातल्या भावाकडे गेली. तिथे उकळत्या पाण्यातल्या कोशांचं रेशीम उकलायचं काम करता करता तिची छाती बिघडली.

मी भेटायला गेले तेव्हा ती अंथरुणाला खिळली होती. मला पाहून कोपरावर उठली.

"काही कळलं का त्यांचं?"

"नाही गं."

"बरं," म्हणाली, आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. भावजयीने चहा आणला, तो तिने घेतला नाही. थंडी संपायच्या आत ती गेली.