लाईट आली की पडणारा डबा

मला घाबरायला आवडतं असं माझी बायको म्हणते आणि पुरावा म्हणून माझ्या नोकरीकडं बोट दाखवते. मी कर्नल लिहितो. यंत्राच्या पोटात बसून बाकी सगळ्या प्रोग्रामांना वळण लावणारा मूळ प्रोग्राम म्हणजे कर्नल. दुसरा कुठलाही प्रोग्राम पडला तर कर्नल त्याला झेलतो. कर्नल पडला तर झेलायला कुणी नसतं. नेकनूरजवळच्या आमच्या गावात, पत्र्याच्या खोलीत कूलरपुढं बसून, मी ही जाळी न लावलेली सर्कस करतो.

गेल्या उन्हाळ्यात चुलतभावाच्या दूध संकलन केंद्रावर मी हौसेनं माझा कर्नल चालवणारा एक छोटा डबा बसवला. लाईट गेली की त्यानं बॅटरीवर जागं राहायचं आणि आली की दूध थंड ठेवणाऱ्या टाकीचा कॉम्प्रेसर सुरू करायचा. एका दुपारी भाऊ धारूरला गेला होता. इकडं लाईट आली, डबा पडला आणि पडूनच राहिला. टाकीभर दूध नासलं.

पडला ह्याचं नवल नव्हतं. तो का उठला नाही, ह्यानं मात्र मला घाम फुटला, कारण उठवायचं काम मी लिहिलेलं होतं. कर्नलमध्ये एक काम दुसऱ्याला हाक मारतं, दुसरं तिसऱ्याला. काम संपल्यावर कुठं परतायचं तो पत्ता प्रत्येक जण मागच्याच्या पत्त्यावर ठेवत जातो, स्वयंपाकघरातल्या उतरंडीसारखा. ह्या रचनेला आम्ही स्टॅक म्हणतो. कर्नल पडला की माझा तुकडा ही उतरंड वरून एकेक उतरवतो, कुणी कुणाला हाक मारली ते पडद्यावर लिहितो आणि मग यंत्र पुन्हा सुरू करतो. त्या दिवशी तो उतरवता उतरवता एका खोट्या पत्त्यावर गेला. तिथून पुन्हा वर, पुन्हा खाली, असा गोल फिरत राहिला. पंचनाम्याला आलेला हवालदारच विहिरीत पडला म्हणा ना.

मी दोन पहारे बसवले. पत्ता स्टॅकच्या हद्दीतला हवा आणि प्रत्येक पाऊल आधीच्यापेक्षा जुन्या जागेवर पडायला हवं. नाही पडलं तर अंदाज बांधायचा नाही. प्रश्नचिन्ह लिहायचं आणि यंत्र सुरू करायचं.

हे घरी चाललं. केंद्रावर चालेल का, ते लाईट आल्याशिवाय कळणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोकांनी दूध ओतलं, पण घरी कुणी जाईना. सगळे टाकीभोवती बसले. म्हशी राखणारी एक म्हातारी मावशी तर डब्याच्या अगदी समोर, रिकामा कॅन मांडीशी घेऊन.

"लाईट आल्यावर ह्यो आज बी मेला," ती म्हणाली, "तर उद्यापासनं माजं दूध मांजरसुंब्याच्या डेरीच्या गाडीत. मी गेले की हे बी समदे येणार."

भाऊ माझ्या कानाशी आला. "ऐकलं का बे? केंद्र बंद पडलं तर मी तुज्या खोलीत कूलरपुढं येऊन बसणार हाय. रोज."

"उठंल की."

"मग लॅपटॉप उलटा कावून धरलाय?"

मी तो सुलटा केला.

पंखा फिरला. लाईट आली. डब्याचा हिरवा दिवा दोनदा लुकलुकला आणि विझला. पडला. कॉम्प्रेसर गप्प. मावशीनं कॅनचं झाकण लावलं, आणि तो आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो. डब्याला जोडलेल्या लॅपटॉपवर ओळी उतरायला लागल्या: व्होल्टेज तपासणी, तिच्याखाली व्होल्टेज तपासणी, तिच्याखाली पुन्हा तीच. हा पुन्हा गोल फिरतोय, असं वाटलं. पण पत्ते मागं मागं चालले होते, प्रत्येक आधीच्यापेक्षा जुना. मग एक प्रश्नचिन्ह आलं आणि पडदा काळा झाला.

भाऊ माझ्याकडं बघत होता, मी टाकीकडं.

दिवा लागला. टाकी गुरगुरली, थरथरली आणि कॉम्प्रेसर सुरू झाला.

"मेला आन् उठला बी," मावशी म्हणाली. "आमच्या मालकावानी. पन पडला कावून?"

ते ओळींत स्पष्ट होतं. एक तपासणी संपायच्या आत दुसरी आली होती, तिच्या डोक्यावर तिसरी, आणि शेवटी उतरंड कोसळली. लाईट येताक्षणी व्होल्टेज वरखाली हिंदकळत होतं आणि प्रत्येक हेलकाव्याला नवी तपासणी सुरू होत होती. मी दाराबाहेर बघितलं. शिवारात सगळ्या विहिरींवरच्या मोटारी एकदम घुरघुरत होत्या. आमच्याकडं लाईटीची वाट बघत कोण बसतो? प्रत्येकानं स्टार्टर ऑटोवर टाकलेला, मोटार आपोआप सुरू व्हावी म्हणून. लाईट आली की अख्खं गाव एकाच क्षणी पाणी ओढतं.

"ह्यातली सगळ्यात जवळची मोटार कुणाची?" मी विचारलं.

भावानं टोपी काढून डोकं खाजवलं. "माजीच हाय."

मावशी तोंडाला पदर लावून हसली. भाऊ म्हणाला, "आता काय गावभर फिरून ऑटो काढायला सांगू? मारतेल मला लोकं." त्याची गरज नव्हती. एक तपासणी संपेपर्यंत दुसरीला दाराबाहेर थांबवायचं, एवढंच मला करायचं होतं.

पण त्या प्रश्नचिन्हाखाली काय होतं, ते मला आजही माहीत नाही. लाईट आली की मी श्वास रोखतो आणि टाकीची गुरगुर ऐकू आल्यावरच सोडतो.

संध्याकाळी मावशी भरलेला कॅन घेऊन आली. आधी हिरवा दिवा बघितला. मग टाकीला कान लावला. मग माझ्याकडं बघत बघत, अगदी सावकाश, दूध ओतलं.