ओढणीचं टोक

कुणी रोखून बघितलं की तो मला कमी लेखतोय, असं मी धरूनच चालायचो. अशाला जागेवर एक ठेवून दिली नाही तर तो डोक्यावर बसतो, हेही. सिन्नरच्या कारखान्यात एका फिटरचा दात मी याच समजापायी पाडला. त्यानंतर कँटीनमध्ये लोक माझ्यासाठी बाक रिकामा करायचे. मला वाटायचं, मान देतात. मुलगी माझ्यामागे गाडीवर बसली की तिला कसलीच भीती नाही, याचीही मला खात्री होती.

मागच्या हिवाळ्यात तिला क्लासला सोडायला निघालो होतो. द्वारका चौकाच्या अलीकडे एक मोटारसायकलवाला मागे लागला. सारखा हॉर्न. मग शेजारी येऊन मुलीकडे बोट दाखवत काहीतरी ओरडला.

"पप्पा, थांबा ना!" मुलगी माझं जर्किन ओढत होती.

"थांबतोच. बघतो याला."

गाडी आडवी घातली, हेल्मेट काढलं आणि त्याच्या तोंडावर हाणलं. तो गाडीसकट कोसळला.

"पोरीची छेड काढतो, भर रस्त्यात?"

एवढं पुरलं. रिक्षावाले उतरले, पेरूवाला गाडा सोडून धावला. कुणी काही विचारलं नाही. लाथा पडत होत्या आणि मला जोर चढत होता. त्याच्या बरगड्यांवर माझा बूट बसल्याचा आवाज अजून कानात आहे.

"काका... ओढणी," तो रक्त थुंकत म्हणाला. "तिची ओढणी चाकात चालली होती."

मी वळलो. मुलगी वाकून चेनमधून ओढणी सोडवत होती. टोक फाटलेलं, ग्रीसनं काळं झालेलं. तिच्या गळ्यावर लाल वळ.

"तेच सांगत होते मी," ती म्हणाली.

गर्दी पांगली. "विचारून तरी मारायचं ना, दादा," एक रिक्षावाला मलाच सुनावून गेला. त्याच्याही चपलेला रक्त होतं.

उठवायला मी हात पुढे केला, तर त्या माणसानं दोन्ही कोपरांनी तोंड झाकलं. मुलीनं ओढणीची घडी त्याच्या भुवईवर दाबली आणि रिक्षा थांबवली. "दवाखान्यात मी नेते. तुम्ही नका येऊ."

मी मागून गेलोच. पोलीस आले तेव्हा सगळं कबूल केलं. त्या मोटारसायकलवाल्यानं ती केस नंतर मिटवली.

मुलगी आता बसनं जाते. तिला मी जन्मात कधी मारलेलं नाही. परवा माळ्यावरची पिशवी काढायला हात वर केला, तर शेजारी उभ्या असलेल्या तिनं झटकन मान आत घेतली.