मावशीचा 'मोकळा' कोपरा

आमच्या जुन्या नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी, जिन्याखाली, मावशीचं शिलाई मशीन असतं. मी रंगमंचावर राजा होतो तेव्हा माझा झगा तिनंच शिवला. एकदा ऐन प्रवेशाआधी तो पाठीत उसवला, तर अंगावरच टाके घालत म्हणाली, "श्वास रोखून धर राजा, नाहीतर सुई घुसेल." त्या दिवशी माझा आवाज जो लागला, तो पुन्हा लागला नाही.

नाटकं बंद पडली, नट पांगले. मावशी तिथंच राहिली. आता गल्लीतल्यांचे पडदे, पँटी, शाळेचे गणवेश शिवते. सवय मात्र नाटकवाल्यांचीच: रात्री जागायचं, उठायचं उशिरा, मशीन मांडायचं ते दुपारी जेवण उरकून. रात्री ते चौकीदाराच्या खोलीत जातं.

यंदा महापालिकेनं गल्ली सुधारण्याचा आराखडा विद्यापीठातल्या मुलांकडून करून घेतला. गुणी मुलं हो! घरोघर फिरली, फुटपाथ मोजले, माझ्या रंगवून सांगितलेल्या आठवणीही न कंटाळता ऐकल्या. पण दुपारी त्यांचे वर्ग, म्हणून फिरली ती सगळी सकाळी. जिन्याखालचा कोपरा तेव्हा रिकामा. त्यांनी नकाशात तिथं हिरवा रंग भरला आणि लिहिलं, 'मोकळी जागा. इथे बाक बसवावा.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पालिकेच्या सभेत उभा राहिलो आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात विचारलं, "मोकळी? मग आमची मावशी काय हवेत तरंगते?"

मुलांची म्होरकी, चष्मेवाली पोरगी, उठून उभी राहिली. "आजोबा, आम्ही दुपारी आलोच नाही. चूक आमची." मग पालिकेच्या अभियंत्याकडे वळली. "साहेब, एवढा कोपरा बदला ना."

अभियंता हसला. "मंजूर झालंय सगळं. त्या बाईंना एवढं वाटत होतं तर सभेला का नाही आल्या?"

सभाही सकाळचीच होती!

"आणि तुला काय त्याचं?" तो पोरीला म्हणाला. "मार्क मिळाले ना?"

"मार्क मिळाले म्हणून चुकीचं बरोबर होतं का?" पोरीचा आवाज कापत होता, पण बसली नाही ती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मजूर बाक घेऊन आले. पोरगी आधीच मावशीशेजारी येऊन बसली होती.

"कॉलेज नाही का गं?" मावशीनं विचारलं.

"बुडवलं."

"मग रिकामी बसू नकोस. ही बटणं लाव."

मुकादम म्हणाला, "बाई, उठा. बाक बसवायचाय."

मावशीनं मशीन थांबवलं नाही. "बसव की. माझ्या मांडीवर बसव!"

मजूर खो-खो हसले आणि बाक फुटपाथवरच टाकून परतले.

उद्या अभियंता स्वतः येणार आहे म्हणे, सोबत पोलीस घेऊन. येऊ दे! मी खुर्ची टाकून बसणार आहे, मुलंही येतायत. एका बाईला उठवायला केवढा हा लवाजमा, आणि तिला एकदा विचारायला मात्र कुणाला सवड झाली नाही!